एकाच बिलावरच्या दोन डिस्क

करुणा,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडपात माईक फिरत फिरत माझ्याकडे आला आणि जे बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही. म्हणून लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, ऑफिसच्या टिपणीसारखं नको लिहू." पण मला तसंच लिहिता येतं. सरळ मुद्द्यावर येते.

वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मग आदरांजली सुरू झाली. तुझ्या शाळेचे मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. शेवटी तुझा दादा उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलता येत नाही हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. लग्नात आभार मानायला उभा केला तर मंडपवाल्याचे आभार मानून बसला होता. त्या दिवशी मात्र तो बोलला. म्हणाला, करुणाचा आवाज आणि गावातल्या बायांची गाणी आज आपल्याजवळ आहेत ती हिच्यामुळे. हिनं पारखून मशीन घेऊन दिली म्हणून सारं वाचलं. आणि माझ्याकडे हात केला.

माना हलल्या. समोरच्या सतरंजीवर तुझ्या गावच्या, कोंढ्याच्या बाया बसल्या होत्या, त्या सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "करुणा कामाला वाघ होती. तिची उणीव आम्हांला कायम भासेल." आणि बसले. ऑफिसात कुणाची बदली झाली की निरोपसमारंभात मी हेच बोलते.

दादा खोटं बोलला नाही. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं तो बोलला. त्याला जे माहीत नव्हतं ते मला कळून तेव्हा एक दिवस झाला होता, आणि मी ते गिळून बसले होते.

आपण मशीन निवडत होतो ते दिवस आठवतात. तुझा लॅपटॉप गच्च भरला होता, एक पेनड्राइव्ह एसटीत हरवला होता, आणि रोवण्यात, भातलावणीत, फोन चिखलात पडून त्या पावसाळ्यातलं सगळं रेकॉर्डिंग गेलं होतं. तू भंडाऱ्याला आलीस, चहाचा कप हातात घेऊन म्हणालीस, "वहिनी, मले घरी सर्व्हर पायजे." मी म्हणाले सर्व्हर बँकेत असतो, रेल्वेत असतो, घरी कशाला. तू समजावलंस. साधाच कॉम्प्युटर असतो, पण सदा चालू राहतो. त्यात दोन डिस्क असतात, एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी असते. घरातल्या वायफायवर कुणीही आपल्या फोनवरून ऐकू शकतं. इंटरनेटवर का नाही टाकत, असं मी विचारलं. तू म्हणालीस, गावात नेटवर्कचा पत्ता नाही, आणि बाया म्हणतात आमची गाणी गावात राहू दे, जगाले कायले दाखवतं.

कसली गाणी, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी विचारलं, "किती जीबी?"

खरेदी म्हटली की मी पुढे होते. इतकी वर्षं ऑफिसात खरेदीचं टेबल सांभाळते आहे. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी दर तो मंजूर. तुझ्या सर्व्हरलाही मी तेच लावलं. दोन डिस्क बसणारा तयार डबा मिळत होता, तो दोघींनाही झेपणारा नव्हता. छोटा मिनी पीसी मला आवडला, जागा कमी, वीज कमी. तू नाही म्हणालीस. त्याच्या पोटात डिस्क बसत नाहीत, बाहेरून वायरीनं लटकवाव्या लागतात, मांजरानं वायर ओढली की संपलं. तुझं मन नागपूरला एका ऑफिसातून निघालेल्या जुन्या टॉवरवर होतं. मी त्याला भंगार म्हणाले. तू म्हणालीस, "भंगारच. पण याचा कोणताही पार्ट गेला तं भंडाऱ्यात भेटते. त्या डब्याचा गेला तं पुन्याले पाठवा लागते." मला पटलं, पण मी तसं म्हणाले नाही. "बघू," म्हणाले.

पॉवर सप्लाय मात्र तू नवा घ्यायला लावलास. जुना घातला तर तो स्वतः मरताना बाकीच्यांनाही घेऊन जातो, असं तुझं म्हणणं. यूपीएसवरून तर आपण फोनवर भांडलोच. मी म्हणत होते, फ्रिजचा स्टॅबिलायझर पडून आहे, तोच लाव. तू म्हणालीस, कोंढ्यात रोवण्याच्या दिवसांत सारे मोटारपंप एकदम चालू होतात, दिवा मिणमिणतो, मशीन अर्ध्या लिहिण्यात बंद पडते. स्टॅबिलायझरला त्यातलं काय कळतं. मळणीचा भुसा आत जाऊ नये म्हणून पंख्यासमोर तू जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवून लावला होतास. ते शिवणकाम बघून मी हसले होते.

आणि मग डिस्क.

पहिलं भांडण याचं की चार टीबी जागा हवी तर आठ टीबी का विकत घ्यायची. अर्धा माल मी डोळ्यांदेखत वाया घालवणार नव्हते. मी कुठेतरी वाचून आले होते की तीन डिस्क घेतल्या तर दोघींची जागा वापरता येते आणि तिसरी सांभाळून घेते. हिशोब चांगला बसतो. तू शाळेतल्या पोरांना समजावतेस तसं समजावलंस. तिघींची चाल गुंतागुंतीची, एक गेल्यावर ती परत उभी करायला फार वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्याकडची वीज देत नाही. दोघी एकमेकींचा आरसा असतात, त्यांतली कोणतीही एक डिस्क काढून दुसऱ्या मशिनीत लावली तरी गाणी वाचता येतात. "मी नसलो तरी कोणालेबी काढता आली पायजेत," असं म्हणाली होतीस. तेव्हा ते वाक्य मला तांत्रिक वाटलं होतं.

मी दोघींवर आले. तेव्हा तू तुझी एकच अट सांगितलीस. दोन्ही डिस्क एका दुकानातून घेऊ नको, एका कंपनीच्याही नको. एकाच खोक्यातून आलेल्या दोघी एकसारख्या जगतात आणि एकदमच मरायला टेकतात. एक नागपूरहून घे, एक भंडाऱ्याहून. एक आता, एक महिन्यानं.

मी म्हणाले, "काहून वं, डिस्कची सोयरीक करून राहिली का? एका कुळातली चालत नाई म्हणे!"

"तसंच समज," तू म्हणालीस. आपण दोघी हसलो. तुला वाटलं असेल की मला समजलं.

मला समजलं नव्हतं. खरेदीचे तुकडे पाडायचे नाहीत हे आमच्या टेबलावरचं पहिलं शिक्षण. एकाच वस्तूची दोन बिलं, दोन दुकानं दिसली की ऑडिटवाला तिथेच पेन टेकवून बसतो. एक मागणी, एक पुरवठादार, एक बिल. माझा हातच तसा वळलेला. घरच्या खरेदीला ऑडिट नसतं हे मला सुचलंही नाही. दोन्ही घेतल्या म्हणून दुकानदारानं दर थोडा उतरवला, मी खूश झाले आणि बिल नेहमीप्रमाणे माझ्या फाईलला लावलं.

तू खोका उघडलास, दोन्ही डिस्क उलट्या करून त्यांचे नंबर वाचलेस. लागोपाठचे होते. म्हणालीस, "जुळ्या आणल्या, वहिनी." त्या पलीकडे एक शब्द नाही. उलट गावभर सांगत फिरलीस की वहिनीनं मशीन घेऊन दिली. तुझेही पैसे त्यात होते, ते तू कुणाला सांगितलं नाहीस.

तू गेलीस त्यानंतर घरात मंडपाची लाईन जोडायला वायरमन आला आणि त्यानं मेन स्विच पाडला. यूपीएस दम धरून धरून संपला. मशीन बंद झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी सायत्राबाई दोघी-तिघींना घेऊन दारात आली. तुझ्या शेजारची, रोवणाऱ्या बायांची म्होरकी. मी तिला नावानं ओळखत होते एवढंच. ती म्हणाली, उद्या करुणाचा आवाज लावा. ती गाण्याच्या आधी बोलते ना, तेवढा तरी लावा. दादानं माझ्याकडे बघितलं. मशीन मी घेतलेली, म्हणजे मला येत असणार.

तू माझ्या नावानं त्यात खातं उघडून ठेवलं होतंस, पासवर्ड मला मेसेज केला होतास. तो मेसेज शोधायला मला खूप मागे जावं लागलं. मी मशीन चालू केली, फोनवर पान उघडलं, आणि वर लाल पट्टी: एक डिस्क सापडत नाही. एकाच डिस्कवर चालू आहे.

ही गेली म्हणजे तिची जुळी आता जाणार. बाया दारात उभ्या होत्या. त्यांतली एक, माहेरपणाला आलेली, दुसरीला हळूच सांगत होती की माझ्या मायचा आवाज फक्त याच मशिनीत आहे, फोटो पण नाही तिचा. मी त्यांना चहा घ्या म्हणाले आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

डबा उघडला. मेलेली डिस्क मी आणलेल्यांपैकी होती. जिवंत होती ती मी आणलेली नव्हती. कंपनी वेगळी, लेबल वेगळं, कोपऱ्यात आपल्या बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याचा स्टिकर. मी त्या दुकानातून कधीच काही घेतलेलं नाही.

त्याला फोन लावला. तुझं नाव सांगताच त्यानं ओळखलं. मग म्हणाला, दिवाळीच्या आधी मॅडम एक बंद पडलेली डिस्क घेऊन आल्या होत्या. "मी म्हटलं, वॉरंटीत आहे, बिल आणा, बदलून भेटन. मॅडम म्हणल्या, बिल वहिनीजवळ आहे. मागतलं तं तिले समजन."

"काय समजन?"

"का तुमी आणलेली गेली म्हणून. बरं नाई वाटन म्हणे तुमाले. नवीनच घेतली मग. जाताना म्हणल्या, दुसरी पण जाईन लवकरच, पण आता फिकीर नाई."

मी फोन ठेवला. बिल माझ्या कपाटात, तारखेनुसार लावलेल्या फाईलीत होतं. मागितलं असतंस तर लगेच काढून दिलं असतं, आणि सोबत चार वाक्यंही ऐकवली असती, की नीट वापरली नसशील, भुसा गेला असेल, तुमच्या गावची वीजच तशी. तू मला ओळखत होतीस. ती चार वाक्यं ऐकण्यापेक्षा तुला नवी डिस्क स्वस्त वाटली.

त्याचीच लाज वाटते मला, करुणा. डिस्क चुकीची आणली हे फार मोठं नाही. चुकीची खरेदी मी आयुष्यभर बघत आले आहे. पण माझ्या घरातली बाई माझ्यासमोर एक साधी गोष्ट बोलू शकत नव्हती, आणि मी समजत होते की आमचं छान पटतं. भांडायचो, हसायचो. त्यात मी किती वेळा जिंकले, ते तू जिंकू दिलंस म्हणून का, हे आता विचारायला कुणी नाही.

तर हे सगळं माहीत असताना दुसऱ्या दिवशी मी मंडपात ते कौतुक घेतलं. तुझा आवाज लागला. तू म्हणालीस, "काकी, घसा खाकरा, सुरू करतो," आणि मंडपात रडणं उसळलं. तुझ्या डिस्कवरून लागला होता तो आवाज. दादानं श्रेय मला दिलं आणि मी "कामाला वाघ" म्हणून खाली बसले. मनाला समजावलं की ही वेळ नाही, लोक रडत आहेत, डिस्कच्या गोष्टी कुठे काढायच्या. ऑफिसात मी याला वेळकाढूपणा म्हणते.

कार्यक्रमानंतर मी रजा वाढवली आणि नवी डिस्क आणायला निघाले. या वेळी तिसऱ्या दुकानातून, तिसऱ्या कंपनीची. दर तुलनेला घेतले नाहीत. दुकानदाराला विचारलं ते एवढंच, की ही सतत चालण्यासाठी बनवलेली आहे ना, आणि लिहिताना मंदावणाऱ्या जातीची तर नाही. हे दोन प्रश्न तू मला तेव्हा शिकवले होतेस. मी ते तक्त्यात घेतले नव्हते, कारण त्यांना रकाना नव्हता.

नवी डिस्क बसवली. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायचं, उलटं झालं तर भरलेली रिकामी होईल. तीनदा बघितलं, मग बटण दाबलं. पट्टी मुंगीच्या गतीनं सरकू लागली. बाहेर मोटारी चालू झाल्या, दिवा मिणमिणला, तुझा यूपीएस किंचाळला आणि त्यानं सांभाळून घेतलं. मी तुझ्या खुर्चीवर बसून राहिले. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पहिल्यांदा ऐकायला घेतलं.

मला वाटायचं, फाईली म्हणजे फाईली. चिखलातून पाय काढल्याचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. एक जण ओढते, बाकीच्या झेलतात, मधेच कुणी तरी कुणाच्या नवऱ्यावरून बोलते आणि सगळं गाणं हसण्यात मोडतं. तू ते मोडलेलंही ठेवलं आहेस, कापलं नाहीस. जिथे नवी बाई गायला लागते तिथे तू आधी तिचं नाव विचारतेस, मग तिच्या मायचं. त्यातल्या कितीतरी आता नाहीत. त्यांच्या लेकी तुझ्या घरापुढच्या छपरीत येऊन, फोन कानाला लावून बसायच्या, हे मला तू गेल्यावर कळलं. मी मात्र जीबी विचारले होते.

आणि एका ठिकाणी गाणं थांबल्यावर सायत्राबाईचा आवाज आहे:

"एवढं सारं कुठं भरून ठेवतं वं, करुणा?"

"घरी मशीन आहे ना, काकी. वहिनीनं घेऊन देल्ली."

"मंग तिले आण ना एकडाव. आयकन तं खरी, काय भरलं हाय तिच्या मशिनीत."

"तिले टाईम नाई भेटत, काकी. पण येईन ते."

ते मी पुन्हा लावलं नाही. एकदा ऐकलं ते पुरे झालं.

शनिवारी पट्टी पूर्ण झाली होती. दुपारच्या जेवणाला बाया धानाच्या बांधीतून वर आल्या आणि तुझ्याच छपरीत टेकल्या, पिंडऱ्यांपर्यंत चिखल तसाच. मी बाहेर आले आणि उभ्यानंच सांगून टाकलं. मंडपात दादा बोलले ते बरोबर नाही. मी आणलेल्या दोन्ही डिस्क गेल्या. गाणी वाचली ती करुणानं स्वतः आणलेल्या डिस्कमुळे. मला आदल्या दिवशीच समजलं होतं आणि मी सांगितलं नाही. माझं चुकलं.

सायत्राबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला.

"आमाले मालूम होतं," ती म्हणाली. "डिस्क गेली तवा करुणा छपरीतच बसली होती तोंड पाडून. आमीच म्हटलं, बाई, नवी घे. तिनं शपथ घातली, वहिनीले नोका सांगू म्हणून."

"मंग मंडपात कोणी बोलल्या कायले नाई?" मी विचारलं.

"तुले खाली पाहा लागलं असतं ना, बाई, चार लोकांत."

करुणा, मंडपात त्या माझ्याकडे बघत होत्या ते मी कौतुक समजले होते. तुझी शपथ पाळत बसल्या होत्या त्या. तू गेल्यावरही, तुझ्याच आदरांजलीत, तुझं श्रेय माझ्या पदरात पडू देत, मला खाली बघावं लागू नये म्हणून गप्प. आणि त्यांच्यासमोर मी तोच माईक धरून तुझी उणीव भासेल म्हणाले.

मी चपला शोधू लागले. भंडाऱ्याची एसटी निघायची होती.

"कुठं चाल्ली?" सायत्राबाई म्हणाली. "धानाचे पऱ्हे लावाचे उरले आहेत. चाल. गाता नाई आलं तं रोवजो."

रोवता मला येत नाही. त्यांना ते माहीत असणार. मी साडी खोचली आणि त्यांच्या मागून गेले.